विजेता घोडा आणि उत्तम वळू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

‘घोडी फळवण्यासाठी वळू म्हणून शर्यत किंवा प्रदर्शन जिंकलेला घोडा निवडा, घोडी कोणतीही चालेल, शिंगरू बापावरच जाते, आणि महाग तो चांगला’ असा सल्ला घोडेपालकांमध्ये हातोहात फिरतो आहे. तो ऐकायला सोपा असला, तरी त्यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही.

शिंगरू बापावर जाते, हे त्यातले सर्वांत कच्चे विधान. पेशीकेंद्रातील निम्मा वारसा घोडीचा असतो, पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा वारसा तर केवळ तिच्याकडूनच येतो आणि सुमारे अकरा महिने गर्भ तिच्याच पोटात वाढतो. वॉल्टन व हॅमंड या संशोधकांनी 1938 मध्ये अवाढव्य शायर आणि ठेंगणे शेटलँड या जातींच्या घोड्यांचा दोन्ही बाजूंनी, म्हणजे एकदा शायर आई आणि एकदा शेटलँड आई घेऊन, संकर केला, तेव्हा शायर घोडीचे शिंगरू जन्मतः शेटलँड घोडीच्या शिंगरापेक्षा सुमारे तिप्पट वजनाचे भरले. दोन्हीकडे जातींची जोडी तीच होती. बदलली होती ती आई.

जिंकणाऱ्याची संतती जिंकतेच, हेही खरे नाही. 1973 मध्ये अमेरिकेचा तिहेरी मुकुट, म्हणजे तीन मोठ्या शर्यती, जिंकणाऱ्या सेक्रेटरिएट या घोड्याचा एकही मुलगा त्याच्या तोडीचा निघाला नाही. मात्र त्याच्या मुलींच्या पोटी स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी हे नामांकित वळू जन्मले. म्हणून वळूच्या स्वतःच्या विजयांपेक्षा, वेगवेगळ्या माद्यांपासून झालेली त्याची शिंगरे कशी निघाली, हे आधी विचारावे. तरुण घोड्याची संतती अजून दिसलेली नसेल, तर त्याची निवड ही जोखीमच आहे आणि मालकाने फी ठरवताना ते मान्य करावे.

देखणेपणाची बाब अधिक गंभीर आहे. क्वार्टर हॉर्स जातीचा इम्प्रेसिव्ह हा प्रदर्शनांतील विजेता त्याच्या पिळदार देहामुळे घोड्या फळवण्यासाठी अतोनात वापरला गेला आणि स्नायूंचे झटके आणणारा एचवायपीपी हा आनुवंशिक विकार त्याच्या वंशातून पसरला. हा दोष प्रभावी असल्यामुळे, म्हणजे सदोष जनुकाची एक प्रतही पुरत असल्यामुळे, एकच प्रत असलेल्या वळूकडूनही प्रत्येक शिंगराला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. जनुकीय चाचणी उपलब्ध असताना केवळ वंशावळीचा कागद पुढे करणारा मालक माझ्या मते वळू देण्यास पात्र नाही.

प्रजननक्षमता तर या सल्ल्यात गृहीतच धरली आहे. सलग सोळा शर्यती जिंकलेला सिगार हा घोडा निवृत्तीनंतर वांझ निघाला. सुदृढ वळूलाही कडक ताप येऊन गेला, तर वीर्याचा दर्जा पुढे काही आठवडे खालावलेला राहू शकतो, कारण शुक्राणू तयार होण्यास सुमारे 57 दिवस लागतात. त्यामुळे गेल्या हंगामाचा अहवाल पुरेसा नसतो. संसर्गजन्य गर्भाशयदाह पसरवणाऱ्या वळूमध्ये तर कोणतीही लक्षणे दिसत नाहीत, म्हणून हंगामापूर्वी त्याच्या जननेंद्रियाचे स्वॅब तपासून घ्यावे लागतात.

‘महाग तो चांगला’ याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. फी मागणीवर ठरते. करारात पाहायचे ते हे, की शिंगरू जिवंत जन्मून उभे राहिले नाही, तर फी परत मिळते, की घोडी पुन्हा मोफत फळवून दिली जाते, आणि तोवर वळू विकला गेला तर काय.