सज्जन पणजोबा सापडत नाहीत

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटलं की लोकांना वाटतं, अर्काइव्हमध्ये (म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं जपून ठेवतात तिथे) जायचं, आडनाव सांगायचं आणि आतून कुणीतरी धूळ झटकत पणजोबांची फाइल आणून देणार. तसं काही नसतं हो! तिथले कागद माणसांच्या नावाने लावलेलेच नसतात, ज्या खात्याने ते लिहिले त्या खात्याखाली आणि त्याच मूळ क्रमाने ठेवलेले असतात, म्हणजे पणजोबा हवे असतील तर आधी ते कुठल्या खात्याच्या तावडीत सापडले होते ते माहीत पाहिजे, आणि ते माहीत असतं तर मी इथे आले कशाला असते?

लायब्ररी त्यापेक्षा खूपच सरळ. पुस्तकं विषयाच्या नंबरानुसार लावायची ड्यूई पद्धत असते, तिच्यात ९२९ नंबरला वंशावळी, रॅकपाशी जायचं की पुस्तक हातात. अर्काइव्हमध्ये रॅक दिसतच नाही. सूची चाळा, स्लिप भरा, बसा. बॅग बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, पेनसुद्धा बाहेर, कारण शाई सांडली तर डाग कायमचा, म्हणून फक्त पेन्सिल. सिनेमातले पांढरे हातमोजे मात्र विसरा, कागदाला स्वच्छ कोरडे हातच बरे, मोज्यात बोटांना पान नीट जाणवत नाही आणि कोपरा फाटतो. मोजे जुन्या फोटोंसाठी.

मग मायक्रोफिल्म, म्हणजे जुन्या पानांचे बारीक फोटो असलेली फिल्मची रिळं, मशिनवर मोठी करून वाचायची. चाक फिरवलं की पानं सुसाट पळतात, थांबवलं तर भलत्याच वर्षावर थांबतात, आणि थोड्या वेळाने आपलंच डोकं गरगरायला लागतं. त्यात कारकुनाचं अक्षर! पहिलं अक्षर काय सुंदर काढलंय, वेलांटी अगदी वळणदार, आणि पुढचं अख्खं आडनाव एका फराट्यात उरकलंय. जे हवंय ते फराट्यात, बाकी सगळं स्वच्छ वाचता येतं. म्हणून अख्खी दुपार भलत्याच दोन भावांचं सामाईक भिंतीवरून झालेलं भांडण वाचण्यात गेली (धाकट्याचं बरोबर होतं).

बरं, कागद टिकलेत का हाही प्रश्नच. डब्लिनचं सरकारी दफ्तर १९२२ मध्ये आयर्लंडच्या गृहयुद्धात जळलं, इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत गेली. जे टिकलंय ते कुलपात, अमेरिकेत जनगणनेतली माणसांची नावं ७२ वर्षांनी उघडतात, ब्रिटनमध्ये १०० वर्षांनी. तोवर आपणच कुणाचे तरी पणजोबा व्हायचो.

पण खरी गोम वेगळीच आहे. कागदावर येतं कोण? ज्याने दावा लावला, कर थकवला, अर्ज-तक्रारी करून साहेबाला वैताग आणला तो. आमचे पणजोबा, ज्यांच्या सचोटीच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो, ते जन्मले आणि वारले, दोन ओळी, संपलं. त्यांचे धाकटे बंधू, ज्यांचा विषय निघाला की घरात एकदम कामं आठवतात, त्यांची मात्र ही जाडजूड फाइल! कर्ज, जामीन, जामीनदाराची तक्रार, त्या तक्रारीवर यांची उलट तक्रार, आणि प्रत्येक अर्जाखाली झोकदार सही. म्हणजे या माणसाने स्वतःचं चरित्र सरकारी खर्चाने लिहून घेतलं.

आत्याला फोन केला, म्हटलं आजोबांचे काका सापडले, सगळं सापडलं, अगदी घराचा नकाशासुद्धा. ती म्हणाली, "ते आपले नव्हेत, आडनाव सारखं असेल." मी म्हटलं, वडिलांचं नाव पण सारखंच आहे. "असेल, तू पणजोबांचं बघ."

पणजोबांचं बघून झालंय गं. काकांच्या पुढच्या भागाची स्लिप भरून आलेय.