उष्ण प्रकृतीची गाडी

टर्बो गाडीचे स्पार्क प्लग बदलायचे असतील तर बदलून मोकळं व्हावं, चारचौघांत वाच्यता करू नये. माझ्या बाबतीत ती वाच्यता गाडीनेच केली, आणि तीही साडूभाऊ शेजारी बसलेले असताना. सपाट रस्त्यावर गुणी बाळासारखी चालणारी गाडी जोगेश्वरीच्या उड्डाणपुलाचा चढ लागताच आचके द्यायला लागली. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. ‘मिसफायर!’ साडूभाऊ ओरडले. नातेवाइकाची गाडी बिघडल्यावर आवाजात इतका आनंद येऊ नये, पण आला.

मिसफायर म्हणजे ठिणगी चुकणं, आणि दोष साधाच होता. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. आतला दाब वाढला की ठिणगीला प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडणं जड जातं. साध्या इंजिनात ही फट एक मिलिमीटरच्या आसपास असली तरी भागतं, टर्बोवाल्यांना बहुधा 0.7 ते 0.8 लागते. प्लग झिजले, फट रुंदावली, की सपाटीवर निभतं आणि चढावर पितळ उघडं पडतं. प्लग तीन. आणायचे आणि बसवायचे, संपलं. असं मला वाटलं होतं.

‘कॉपर घे,’ पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त रेल्वेवाले म्हणाले. ‘स्वस्त आणि मस्त.’ त्यात तांबं फक्त गाभ्यात असतं आणि टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं, हे ऐकून घ्यायला ते थांबले नाहीत. दुसऱ्याने प्लॅटिनम सुचवलं, तिसऱ्याने इरिडियम. इरिडियम 2,400 अंशांच्याही वर वितळतं, म्हणून त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरइतकं बारीक ठेवता येतं आणि ते टिकतंही भरपूर. डायनोसॉर संपले त्या काळच्या मातीच्या थरात हाच धातू एकाएकी जास्त सापडला आणि त्यावरून 1980 साली आल्वारेझ या शास्त्रज्ञ बापलेकांनी उल्का आदळल्याचा सिद्धान्त मांडला. किंमत ऐकल्यावर तीन नग त्या उल्केवरूनच आणले असावेत असं वाटतं.

धातूचं ठरतंय तोवर साडूभाऊंचा फोन. त्यांची गाडी रीमॅप केलेली आहे, म्हणजे कंपनीने दिलेल्या ताकदीवर समाधान न मानता जास्तीचे पैसे मोजून ती वाढवून घेतलेली आहे. ती ताकद ते घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये वापरतात. ‘साडूभाऊ, एक नंबर थंड प्लग टाका. टर्बोला थंडच लागतो.’

फोन स्पीकरवर होता. आई गवार मोडत होती. तिने मान वर केली.

‘गाडीला उष्णता झालीय का?’

आता आमच्या घरात पपई उष्ण, कोकम थंड, आणि कुणाचीही कसलीही तक्रार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसवली जाते. गाडी त्याच खात्यात जमा झाली. गंमत म्हणजे आई फारशी चुकीची नव्हती. थंड प्लगचं चिनी मातीचं नाक आखूड असतं, तो आतली उष्णता चटकन इंजिनाच्या हेडला देऊन टाकतो. गरम प्लगचं नाक लांब, तो उष्णता धरून ठेवतो. टोक साडेआठशे अंशांच्या पुढे तापलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि इंजिनाची वाट लागते. पण साडेचारशेच्या खाली राहिलं तर वर बसलेला कार्बन जळत नाही, प्लग काळा पडतो. आणि माझी गाडी सकाळी अंधेरी ते बीकेसी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते. तिला उगाच थंड प्लग देणं म्हणजे कफाच्या माणसाला भर पावसात दही.

‘मग समशीतोष्ण घे,’ आई म्हणाली.

प्लग किती थंड ते सांगणाऱ्या नंबरांचा घोळ वेगळाच, प्रत्येक प्लग कंपनीचा निराळा. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड. डेन्सोतही तसंच, पण एनजीकेचा 7 म्हणजे डेन्सोचा 22. बॉशमध्ये बरोबर उलटं, आकडा मोठा तितका प्लग गरम. हे सगळं इंजिनिअर लोकांनी शुद्धीत असताना ठरवलंय.

शेवटी गाडीच्या पुस्तकातला नंबर चिठ्ठीवर उतरवून कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. तिथे सुटे दरवाजे, बंपर, आरसे असे टांगलेले असतात की आपल्याच गाडीचा आरसा आपल्याला विकत मिळेल अशी भीती वाटावी. काउंटरवरच्या पोराने चिठ्ठी पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

‘काका, ओरिजनल पाहिजे का चालणारा?’

ओरिजनल म्हटल्यावर त्याने खोका उघडला, प्लगवरची पुठ्ठ्याची नळी काढली आणि प्लग उजेडात धरला. ‘टोक बघा. सुईसारखं पाहिजे. डुप्लिकेटचं खिळ्यासारखं जाड असतं.’ मी खिशातून फट मोजायच्या फीलर गेजची पात काढली तसा त्याने माझा हातच धरला. ‘पात घुसवू नका काका, इरिडियम आहे, मोडेल. तारेचं गेज लागतं.’ त्या दिवसातला हा एकच सल्ला असा होता की ज्यात कुणाचा मोठेपणा मिसळलेला नव्हता.

मेकॅनिकने मात्र प्लगला हात लावायच्या आधी इंजिन गार होऊ द्यायला लावलं. मे महिना, मुंबई, पत्र्याचं शेड. चहावर चहा झाले. मग त्याने प्लगना ठिणगीची वीज पुरवणाऱ्या कॉइल उपटल्या, लांब पाना घातला, जुने प्लग काढून वर्तमानपत्रावर मांडले. दोन फिकट तपकिरी, मधला काळा. नवे आधी हाताने फिरवत बसवले, मग मोजून आवळणारा टॉर्कचा पाना लावला. त्याच संध्याकाळी गाडी मुकाट्याने पूल चढली.

साडूभाऊंना जुन्या प्लगांचे फोटो हवे होते, ‘वाचायला’. मी ते घरच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, ‘शेवटी गेले एकदाचे.’

मधला काळा म्हणजे कॉइलही तपासून घ्या, असं साडूभाऊंनी कळवलं. आईने मधल्याला पित्त ठरवलं. त्याखाली आत्या, मावशी आणि दोन चुलतभावांची भावपूर्ण श्रद्धांजली आली, हात जोडून. फोटो न उघडता मामांनी तर फोनच केला.

‘कधी झालं रे? आणि नेणार किती वाजता?’