खुलासा: रंकाळ्याचा पैसा खड्ड्यांत घालता येत नाही

"रंकाळा तलावावर कोटी ओतले म्हणून कोल्हापूरचे रस्ते रखडले, महापालिकेच्या सभेने मनावर घेतलं तर तोच पैसा रस्त्यांना वळवता येईल," असा मेसेज फिरतोय. तो खरा नाही.

रंकाळ्याचं मोठं काम केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून झालं. त्यात ७० टक्के वाटा केंद्राचा, बाकीचा राज्य आणि पालिकेचा. ज्या कामासाठी अनुदान मिळतं त्याच कामावर ते खर्चावं लागतं. महापालिकेच्या सभेला ते परस्पर डांबराकडे फिरवता येत नाही.

रस्त्यांचं गणित तर मुळातच वेगळं होतं. शहरातले सुमारे ४९ किलोमीटर रस्ते खासगी कंपनीने बांधा-वापरा-हस्तांतरित करा तत्त्वावर केले, वसुली टोलमधून होणार होती. त्या टोलविरुद्ध अख्खं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं, हे इतक्यात विसरलो का आपण?

पालिकेचा स्वतःचा हिस्सा मात्र घरफाळ्याच्या (मालमत्ता कराच्या) तिजोरीतून जातो. त्याबद्दल बजेटच्या वेळी जरूर विचारा. आणि हेही विचारा, की श्याम सोसायटीच्या नाल्याचं सांडपाणी तळ्यात मिसळायचं पूर्ण थांबलंय का? ते थांबल्याशिवाय केंदाळ (जलपर्णी) कितीही काढलं तरी पुन्हा माजणारच.