'गोळ्या आजच बंद करा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्या मेसेजचा आशय असा: मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी पडल्यामुळे डिप्रेशन येतं हे शास्त्रज्ञांनीच खोटं ठरवलंय, म्हणजे डिप्रेशन हा आजारच नव्हे, टेन्शन गेलं की माणूस आपोआप सावरतो, गोळ्या हा नुसता धंदा, त्या आजच बंद करा.

'सेरोटोनिनची थिअरी खोटी ठरली.' यात तथ्य आहे, आणि म्हणूनच पुढचं सगळं खपून जातं. २०२२ साली ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. सेरोटोनिन कमी असल्यामुळे डिप्रेशन येतं, याला ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. पण गोळ्यांनी बरं वाटतं का, हे त्या आढाव्यात तपासलेलंच नव्हतं. ते तपासलं २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात: ५२२ चाचण्या, २१ औषधं, १,१६,४७७ रुग्ण. एकूण एक औषध प्लॅसिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरलं. फरक सरासरीने माफक होता, तेही सांगायलाच हवं.

मग गोळी नेमकं करते काय? मेसेज लिहिणाऱ्याने निदान कुलाब्यापर्यंत चौकशी करायला हवी होती. तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य कित्येक वर्षं याच प्रश्नावर काम करताहेत. गोळी घेतल्यावर सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो, मन सावरायला मात्र काही आठवडे जातात. नुसती कमतरता भरून काढायची असती, तर एवढा वेळ लागला नसता. वैद्य यांनी येल विद्यापीठात ज्यांच्याकडे पीएचडी केली, त्या रोनाल्ड ड्यूमन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांमध्ये दाखवून दिलं की काही आठवडे औषध दिल्यावर चेतापेशींना पोसणारं बीडीएनएफ हे प्रथिन वाढतं आणि हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित मेंदूच्या भागात नव्या पेशीही जास्त तयार होतात. २०१९ मध्ये वैद्य आणि उल्लास कोल्थुर-सीतारामन यांच्या गटांनी आणखी एक दुवा जोडला: सेरोटोनिनमुळे उंदरांच्या चेतापेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, वाढतात, ऊर्जा जास्त तयार होते आणि पेशी ताणाला जास्त तोंड देऊ शकतात. हे उंदरांच्या पेशींवरचं काम आहे, ते जसंच्या तसं माणसाला लावता येणार नाही. पण 'केमिकल कमी, केमिकल भरा' या गोष्टीच्या किती तरी पुढे विज्ञान गेलंय, एवढं यातून नक्की कळतं.

'टेन्शन गेलं की आपोआप सावरतो.' माझ्या मते मेसेजमधलं सगळ्यात क्रूर वाक्य हेच. कारण जो सावरत नाही, त्याच्याच माथी दोष येतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना रोज दोन तास, असं दहा दिवस हलता येणार नाही अशा पिशवीत ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डलात मात्र त्या उलट वाढल्या. मग २१ दिवस उंदरांना कसलाही ताण दिला नाही. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, अमिग्डलातली वाढ तशीच राहिली आणि उंदरांचा बुजरेपणाही गेला नाही. ताण संपला होता, पण मेंदूच्या एका भागाने तो सोडला नव्हता.

'आजारच नव्हे.' २०१६ मध्ये अनेक देशांतले एमआरआय एकत्र करून १,७२८ रुग्णांची तुलना डिप्रेशन नसलेल्या सात हजारांवर लोकांशी केली गेली. रुग्णांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने किंचित लहान आढळला. हा फरक इतका बारीक आहे की स्कॅन काढून कुणाचं निदान होत नाही. पण मेंदूत काहीच घडत नाही, असं म्हणायला जागा उरत नाही.

आता 'आजच बंद करा'. कृपा करून असं कुणी करू नका. या गोळ्या एकदम सोडल्या की अनेकांना चक्कर, मळमळ, झोपमोड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके असा त्रास होतो, आणि आजार उलटण्याची भीती असते ती वेगळीच. सोडायच्याच असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. डोस हळूहळू उतरवत नेता येतो. दुष्परिणाम जाणवत असतील तर तेही सांगा, औषध बदलता येतं. आणि लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं, तर सरकारच्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.