दहा लाखांचे ‘बिनपरतीचे’ अनुदान : सीमाभागात फिरणाऱ्या संदेशातील विधाने तपासताना

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरत आहे. पंतप्रधान रोजगार योजनेतून नव्या धंद्यासाठी १० लाख रुपयांचे बिनपरतीचे अनुदान मिळते, त्यासाठी बँकेकडे जावे लागत नाही, सीमाभागातील मराठी माणसाला ३५ टक्क्यांची खास सवलत आहे, धंदा कोणताही चालतो आणि १,५०० रुपये भरून आजच नाव नोंदवावे, असा त्याचा आशय आहे. खानापूर तालुक्यातील एका तरुणाने तो मला दाखवला, तेव्हा त्याने पैसे भरून टाकले होते आणि पावती म्हणून त्याच्या मोबाइलवर केवळ एक चित्र होते. म्हणून या संदेशातील प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

बिनपरतीचे आणि बँकेशिवाय, हे पहिले विधान सर्वांत घातक आहे. संदेशात ज्या योजनेचा आधार घेतला आहे, ती पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ही योजना २००८ पासून खादी व ग्रामोद्योग आयोगामार्फत राबवली जाते. तिच्यातील अनुदानाला ‘मार्जिन मनी’ म्हणतात आणि ते बँकेने कर्ज मंजूर केल्याशिवाय मिळूच शकत नाही. समजा, येळ्ळूरमधील एका महिलेला ८ लाख रुपयांचा मसाला दळण्याचा उद्योग उभा करायचा आहे. महिला असल्यामुळे ती विशेष गटात मोडते, म्हणून तिने स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ४०,००० रुपये घालायचे आणि उरलेले ७,६०,००० रुपये बँकेने द्यायचे. गाव ग्रामपंचायतीच्या हद्दीत असल्याने तिला ३५ टक्के, म्हणजे २,८०,००० रुपये अनुदान लागू होते. परंतु ती रक्कम तिच्या हाती न येता बँकेत तिच्या नावे तीन वर्षे ठेव म्हणून राहते. या काळात त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. उद्योग खरोखर चालू आहे याची प्रत्यक्ष पाहणी झाल्यावरच ती रक्कम कर्जातून वजा होते. उरलेले ४,८०,००० रुपये व्याजासह हप्त्याहप्त्याने फेडावेच लागतात. हाच उद्योग बेळगाव महापालिकेच्या हद्दीत सर्वसाधारण गटातील पुरुषाने काढला, तर अनुदान १५ टक्क्यांवर येते आणि स्वतःचा वाटा १० टक्क्यांवर जातो.

मग १० लाख हा आकडा आला कोठून? माझ्या मते येथे दोन वेगळ्या योजनांची सरमिसळ झाली आहे. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेची मर्यादा बरीच वर्षे १० लाख रुपये होती. पण ते निव्वळ कर्ज असून त्यात अनुदानाचा भाग नाही. दुसरी म्हणजे २०२० पासूनची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ या तिच्या धोरणात बेळगावसाठी गूळ निवडलेला आहे. तिच्यात केंद्राच्या नियमांनुसार ३५ टक्के अनुदान मिळते आणि त्याची कमाल मर्यादा १० लाख आहे, परंतु पूर्ण १० लाख मिळवण्यासाठी प्रकल्प साडेअठ्ठावीस लाखांहून मोठा असावा लागतो आणि तेथेही बँकेचे कर्ज घ्यावेच लागते.

सीमाभागासाठी खास सवलत, हे विधान आपल्या माणसांना चटकन पटते, कारण ‘सीमाभाग’ हा शब्द आपल्या सात दशकांच्या लढ्याशी जोडलेला आहे. रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या विशेष गटात ‘डोंगरी व सीमावर्ती क्षेत्र’ असा उल्लेख आहे, हे खरे. मात्र तो शासनाने अधिसूचित केलेल्या भागांपुरता आहे आणि कर्नाटक-महाराष्ट्र सीमावादाशी त्याचा काही संबंध नाही. खानापूरचा किंवा निपाणीचा अर्जदार ३५ टक्क्यांस पात्र ठरतो, तो महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक अशा कारणाने आणि ग्रामीण भागात उद्योग काढल्याने. मराठी असल्यामुळे नव्हे.

धंदा कोणताही चालतो, हेही खरे नाही. निपाणीकरांनी विशेष लक्षात घ्यावे की विडी, सिगारेट आणि तंबाखूशी संबंधित उत्पादन व विक्री या योजनेतून वगळलेली आहे. उद्योग नवीन असावा लागतो. आधीपासून चालू असलेल्या किंवा अन्य सरकारी अनुदान घेतलेल्या उद्योगाला नवा धंदा उभारण्याचे हे कर्ज मिळत नाही. प्रकल्पाची मर्यादा उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाख आहे.

नोंदणी शुल्काबाबत तर दुमतच नाही. अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क भरला जातो आणि आयोगाने कोणताही मध्यस्थ नेमलेला नाही. तरीही आपल्याकडे मध्यस्थांचे फावते, याचे एक कारण भाषेचे आहे. इंग्रजी किंवा कन्नड अर्जासमोर गोंधळलेला मराठी माणूस ‘सगळे मी भरतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास टाकतो. ही अडचण खरी आहे आणि मराठीत माहिती मिळण्याची मागणी रास्त आहे; पण तोवर उद्यमबागेतील जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारणे हाच सुरक्षित मार्ग आहे. हल्याळच्या कॅनरा बँक देशपांडे आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, मिळणारे उद्योजकता प्रशिक्षण मोफत आहे, आणि कुंभारकामात उतरू पाहणाऱ्यांसाठी आयोगाची कुंभारकला संस्था खानापुरातच आहे. रोजगार निर्मिती कार्यक्रमाला मंजुरी २०२५-२६ पर्यंतचीच दिलेली असल्यामुळे पुढील स्थितीही उद्योग केंद्रातच विचारून घ्यावी. बँकेच्या शाखेने तारण मागितल्यास, किमान १० लाखांपर्यंतच्या सूक्ष्म-लघु उद्योग कर्जाला तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा निर्देश नम्रपणे पण ठामपणे दाखवावा, आणि नकार मिळाल्यास कारण लेखी मागावे.

त्या तरुणाची तक्रार सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर नोंदवून झाली आहे. आता तो फॅब्रिकेशनच्या यंत्रांची कोटेशन गोळा करत आहे आणि अर्ज स्वतःच्या हाताने भरणार आहे.