ते तीन सेकंद कुठून आले? एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली. उत्तर लिहायला चार दिवस घेतले, कारण तुमची मुलगी त्या सामन्यात खेळत होती आणि तुम्हाला घाईघाईत दोन ओळी टाकणं मला बरं वाटेना.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. गेल्या लेखात मी पुण्यातल्या मुलींच्या एका आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्याबद्दल लिहिलं होतं. बजर वाजला, मुलींनी हात मिळवले, तेवढ्यात रेफरी घड्याळ आणि गुणांची नोंद सांभाळणाऱ्यांच्या टेबलकडे गेले आणि घड्याळावर तीन सेकंद परत लावायला सांगितले. त्या तीन सेकंदांत बास्केट झाली आणि एका गुणाने पुढे असलेली टीम एका गुणाने हरली. रेफरींचा निर्णय बरोबर होता, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता: बजर म्हणजे शेवट, त्यानंतर वेळ देणं म्हणजे निकाल बदलणं. कोचनी तुम्हाला सांगितलं की खेळ थांबून पुन्हा सुरू झाला की चूक सुधारता येत नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकलाही हेच झालं होतं. आणि मी स्वतः टेबलवर बसते, म्हणून टायमरला, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या मुलीला, पाठीशी घालते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते. टायमर चुकलीच होती. थ्रो-इनच्या वेळी, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकताना, घड्याळ सुरू करायचं ते कोर्टवरच्या खेळाडूचा चेंडूला स्पर्श झाल्यावर. रेफरी बाहेर उभ्या असलेल्या मुलीच्या हातात चेंडू देतात तेव्हा नाही. म्हणूनच रेफरी हात वर धरतात आणि स्पर्श होताच खाली आणतात. टायमरने त्या हाताकडे बघायचं असतं, तिने चेंडूकडे बघितलं. घड्याळावर ५.२ सेकंद होते, ते चेंडू हातात देतानाच पळायला लागले. नदीकाठी ढोल-ताशाचा सराव इतका जोरात चालला होता की टेबलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या स्कोअररने ओरडून सांगितलेलंही तिला ऐकू आलं नाही. ही सबब नाही. आम्हा टेबलवाल्यांचं कामच बघण्याचं आहे, ऐकण्याचं नंतर.

मग तीन सेकंद कुठून आले? थ्रो-इन करणाऱ्या मुलीला पाच सेकंदांत चेंडू आत टाकावा लागतो आणि रेफरी ते सेकंद हात हलवून मोजतात. त्यांचे तीन पूर्ण झाले होते, चौथा सुरू व्हायच्या आत पास सुटला. म्हणजे घड्याळाने किमान तीन सेकंद फुकट खाल्ले, हे एका माणसाला नक्की माहीत होतं. तीनच्या वर काही दशांशही गेले असतील. ते किती, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते दिले नाहीत. बजर वाजला तेव्हा चेंडू ज्या बाजूला होता तिथल्या रेषेवरून पुन्हा थ्रो-इन दिला. हा निर्णय अंदाजाने झाला असता तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते.

आता कोचचं म्हणणं. ते चुकीचं नाही, पण दुसऱ्या गोष्टीबद्दलचं आहे. फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमावलीतलं ४४ वं कलम दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ठेवतं. हक्क नसताना फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी बिनअडथळ्याची फेक) देणं, हक्काचा न देणं, भलत्याच खेळाडूला तो टाकू देणं, गुण चुकून देणं किंवा रद्द करणं, या चुकांना मुदत आहे. चूक झाल्यावर घड्याळ सुरू झालं, नंतर पहिल्यांदा चेंडू डेड झाला, म्हणजे खेळ थांबला, आणि पुन्हा लाइव्ह झाला, की संधी गेली. कोचच्या मनात हे होतं. पण स्कोअरशीटवरची नोंद, घड्याळ, शॉट क्लॉक (बास्केटकडे चेंडू टाकायच्या २४ सेकंदांचं वेगळं घड्याळ) यांतली चूक मुख्य रेफरी स्कोअरशीटवर सही करेपर्यंत केव्हाही सुधारता येते. त्या सहीने रेफरींचं काम संपतं, बजरने नाही. हात मिळवणं ही खेळाडूंची रीत आहे, नियमात तिला वजन नाही. सही झाल्यावर मात्र चूक कितीही उघड असो, रेफरी फक्त आयोजकांना अहवाल पाठवू शकतात.

तुमच्या टीमलाही एक वाट होती, ती त्या संध्याकाळी कोणीच सांगितली नाही याचं मला वाईट वाटतं. वेळेची चूक रेफरींनी सुधारली नाही आणि त्यात आपलं नुकसान झालं असं टीमला वाटलं, तर कॅप्टनने सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत मुख्य रेफरींना सांगायचं आणि स्कोअरशीटवरच्या निषेधाच्या रकान्यात सही करायची.

म्युनिकबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटलं. सप्टेंबर १९७२, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातली ऑलिंपिकची फायनल. तीन सेकंद राहिलेले असताना डग कॉलिन्सने दोन्ही फ्री थ्रो टाकून अमेरिकेला ५०-४९ असं पुढे नेलं. सोव्हिएत टीमने चेंडू आत टाकला, पण आपण मागितलेला टाइम-आउट मिळाला नाही म्हणून त्यांच्या बेंचवरून गोंधळ सुरू झाला आणि एक सेकंद उरला असताना खेळ थांबला. तेव्हा फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि तीन सेकंद परत लावा म्हणाले. दुसऱ्यांदा चेंडू आत आला तेव्हा घड्याळ अजून लावलंच जात होतं. भोंगा वाजला, अमेरिकेचे खेळाडू नाचायला लागले. मग तिसऱ्यांदा थ्रो-इन. इवान येदेश्कोने अख्ख्या कोर्टवरून पास फेकला, अलेक्सांद्र बेलोवने बास्केट केली, ५१-५०. अमेरिकेचं अपील ३-२ मतांनी फेटाळलं गेलं आणि त्या खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या एकत्र केल्यात. घड्याळ लावून होण्याआधी चेंडू दिला गेला, ही वेळेची चूक होती; ती सुधारून पुन्हा खेळवणं मला योग्यच वाटतं. ‘तीन सेकंद’ हा हुकूम मात्र अशा माणसाने दिला ज्याला सामना चालू असताना तो अधिकारच नव्हता. जखम तिथे आहे. आपल्या सामन्यात आकडा कोर्टवरच्या रेफरींकडून आला, त्यांच्या स्वतःच्या मोजणीतून. आयोजकांपैकी कोणी स्टेजवरून उतरून तो सांगितला असता, तर तुमच्याआधी मी निषेध केला असता.

दोन वर्षांपूर्वी एका शालेय सामन्यात ही वेळ माझ्यावर आली होती. घड्याळ मी सुरूच केलं नाही. ते ४८.६ वर थांबलेलं आणि समोर खेळ चालू. रेफरींनी शिट्टी मारली, टेबलकडे आले आणि विचारलं, “किती गेले?” दहा म्हणावंसं वाटलं, कारण दहाच वाटत होते. पण मी म्हणाले, मला माहीत नाही. शेजारी शॉट क्लॉक चालवणाऱ्या मुलीने तिचं घड्याळ वेळेवर सुरू केलं होतं. त्यावर २४ चे १५ झाले होते. त्या थ्रो-इनला दोन्ही घड्याळं एकाच स्पर्शावर सुरू व्हायची होती, म्हणून नऊ सेकंद वजा झाले. मोठ्या स्पर्धांत अशा वेळी रेफरी व्हिडिओ बघून उरलेली वेळ ठरवतात. आपल्या उघड्या सिमेंटच्या कोर्टांवर साक्षीदार एवढेच: रेफरींची मोजणी आणि शॉट क्लॉक, तोही चालू असला तर. दोन्ही नसतील तर घड्याळाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे, मग नुकसान कोणाचंही होवो.

तुमचं एक म्हणणं मला खोडता येत नाही. घड्याळावर दोन सेकंद दिसत असताना तुमची मुलगी दोन सेकंदांसाठी बचाव करत होती. पाच आहेत हे माहीत असतं तर ती कदाचित इतकी पुढे जाऊन भिडली नसती, मागे राहून जागा धरली असती. समोरच्या मुलीही घाईत होत्या, हे खरं, पण त्याने तुमच्या मुलीचं गेलेलं भरून येत नाही. सेकंद परत करता येतात, ते खेळतानाचं डोक्यातलं गणित परत करता येत नाही.

आणि लेखात मी ‘साधारण तीन सेकंद’ असं लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, “साधारण?” बरोबर विचारलंत. साधारण असते तर ते द्यायलाच नको होते. तो शब्द मी काढला आहे. आता तिथे ‘रेफरींच्या थ्रो-इनच्या मोजणीप्रमाणे पूर्ण तीन सेकंद’ असं आहे, आणि खाली दुरुस्ती कोणाच्या सांगण्यावरून केली तेही लिहिलं आहे, तुमचं नाव न देता.