पहिला गिअर टाका आणि बेधडक पार व्हा, म्हणे!

गणपती जवळ आले की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘मुसळधार पावसात कोकणात गाडी नेताय? हे वाचाच.’ यंदा तो एका दिवसात तिघांनी पाठवला. त्यात मुंबईहून गाडी घेऊन येणारा भाचाही होता, म्हणून हे लिहायला बसलो.

‘रस्त्यावर पाणी असेल तर पहिला गिअर टाका, रेस सोडू नका, न थांबता पार व्हा.’ वीतभर साचलेल्या पाण्यात चालेल. आमच्याकडे पाणी साचत नाही, वाहतं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी उचलली जाते, दोन फुटांत मोठीही सरकते. चाकं जमिनीला टेकतच नसतील तर गिअर पहिला काय नि पाचवा काय! फरशीच्या, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलाच्या, कडेचे पांढरे दगड बुडाले की रस्ता कुठे संपतो ते रोजच्या रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. आणि त्या तांबड्या पाण्याखाली फरशी जागेवर आहे हे कशावरून? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल कोसळला आणि दोन एसट्या नदीत गेल्या. एसटीचे चालक काही नवखे नसतात.

‘अर्धा तास थांबा, पाणी ओसरतंच.’ लिहिणाऱ्याने खाडी पाहिलेली दिसत नाही. पाऊस थांबला तरी भरती असेल तर नदीचं पाणी समुद्र घेत नाही, ते मागे फुगतं. चिपळूणची वाशिष्ठी घ्या, नाहीतर राजापूरची अर्जुना. भरतीनंतर पुरती ओहोटी लागायला सहा तास जातात. आमची आजी तिथीवरून भरती सांगायची: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थीला तीन. हिशोब ढोबळ आहे, पण ‘अर्ध्या तासा’पेक्षा बरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा त्यात आणखी भर.

‘गाडी बंद पडली तर लगेच पुन्हा स्टार्टर मारा.’ अजिबात नको! पाणी हवेसारखं दबत नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलेलं असताना स्टार्टर मारला तर पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. साध्या विम्यात हा खर्च सहसा बसत नाही, त्याला इंजिनाचं वेगळं कव्हर लागतं. त्यापेक्षा माणसं उतरवा आणि उंचावर न्या. काचा लावून आत बसायचं तर मुळीच नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत तशी माणसं गाडीतच गुदमरून गेली.

‘रबरी टायरमुळे गाडीला विजेची भीती नाही.’ गाडीत बसणं बरं, पण कारण चुकलं. वीज पत्र्याच्या टपावरून, बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. टायरच राखत असते तर मोटरसायकलवालाही सुरक्षित असता.

आता टोचन, म्हणजे बंद गाडी दुसऱ्या गाडीने ओढणं. ‘मिळेल त्या दोरीने बांधा, न्यूट्रल करा, ओढत न्या.’ हे आमच्या मेव्हण्याने केलं. गाडी ऑटोमॅटिक, दोरी होडीची, आणि गाठ मारली ती खाली हाताला लागलेल्या सस्पेन्शनच्या दांड्याला. गॅरेज दहा-बारा किलोमीटरवर. पोचेपर्यंत गिअरबॉक्स कामातून गेला. ऑटोमॅटिकमध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून पुढची चाकं फिरवत नेलं की आतले भाग कोरडे घासतात. अशी गाडी क्रेनच्या फळीवर चढवूनच न्यावी.

मॅन्युअल गाडी ओढता येते, पण मिळेल तिथे बांधून नाही; त्यासाठी हुक असतो. तो टूलकिटमध्ये पडलेला असतो. बंपरवरचं चौकोनी झाकण काढून पिळून बसवायचा. किल्ली ऑनवर ठेवायची, नाहीतर वळणावर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा घट्ट लागतो, दोन्ही पायांचा जोर लावावा लागतो. दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. म्हणजे पुढच्याने ब्रेक मारला की मागच्याच्या हातात क्षणभरच. कशेडीच्या किंवा आंबोलीच्या उतारावर हा खेळ करूच नये.

मेव्हण्याच्या डिकीत ती दोरी अजून आहे. विचारलं तर म्हणतो, गणपतीच्या वर माटवी टांगायला लागते.